गोल्फ गेममध्ये ग्रीनजवळ आल्यावर काय करायचं

नव्यानं गोल्फचा गेम खेळणाऱ्याचं दुखणं ठरलेलं असतं. पहिला फटका झकास बसतो, बॉल अडीचशे यार्डांवर, फेअरवेच्या म्हणजे कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्याच्या मधोमध. दुसऱ्या फटक्यात तो ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या, कडेला येऊन पडतो. होल समोर दिसतोय, पंधरा-वीस यार्डांवर. आता दोन फटक्यांत काम उरकायला हवं, आणि लागतात पाच. एक फटका ग्रीन ओलांडून पलीकडच्या गवतात, तिथून परत अलीकडे, मग पटिंगची, म्हणजे ग्रीनवर बॉल घरंगळवण्याची, ये-जा. परभणीत आमच्या गल्लीत संध्याकाळी ओट्यावर मोबाईल घेऊन बसलेल्या पोरांचं एकच गाऱ्हाणं असतं, "दादा, बॉल थांबनाच गेलाय की."

बॉल न थांबण्याचा दोष बोटांचा क्वचितच असतो. नेम कुठं धरला, तिथंच गडबड झालेली असते. गेम तुम्हाला आपोआप होलमधल्या झेंड्याकडे तोंड करून उभा करतो, क्लबही, म्हणजे मारायची काठीही, तोच हातात देतो, वर अंतर लिहून दाखवतो. नवखा माणूस हे सगळं मान्य करतो आणि थेट पॉवर बारकडे, म्हणजे ताकद ठरवणाऱ्या पट्टीकडे, वळतो. लांबच्या फटक्याला हे चालून जातं. ग्रीनजवळ चालत नाही.

मराठवाड्यात आपल्यापैकी बहुतेकांनी गोल्फचं मैदान प्रत्यक्ष पाहिलेलं नसतं, त्यामुळे ग्रीनजवळच्या खेळाचं महत्त्वही चटकन लक्षात येत नाही. टीव्हीवर दिसतो तो ड्राइव्ह, म्हणजे पहिला लांब फटका. पण टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, भारताची अदिती अशोक चौथी आली आणि एका फटक्यानं तिचं पदक हुकलं, तेव्हा ती लांब मारण्यात बऱ्याच जणींच्या मागे होती. तिला वर नेलं ते ग्रीनवरच्या आणि ग्रीनभोवतीच्या खेळानं. गेममध्येही स्कोअर तिथंच सुधारतो.

पुढं जे लिहिलंय ते चिप, पिच, फ्लॉप असे फटके वेगवेगळे निवडता येतात अशा गेमसाठी आहे. पीजीए टूर २के मालिका (२०२२ चा २के२३, २०२५ चा २के२५), २०२३ चा ईए स्पोर्ट्स पीजीए टूर, मोबाईलवर आणि कॉम्प्युटरवर फुकट चालणारा डब्ल्यूजीटी गोल्फ, हे त्यातले. गोल्फ क्लॅशसारख्या खेळात फटक्यांचे इतके प्रकार नाहीत, पण तिथंही लक्ष्याची वर्तुळं दाखवतात ती बॉल पहिल्यांदा टेकण्याची जागा. म्हणजे मुख्य हिशेब तोच.

एका अंतराचे दोन तुकडे

बॉल हवेत किती जाणार आणि जमिनीवर किती घरंगळणार, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गेम मात्र झेंड्यापर्यंतचं एकच अंतर सांगतो. ते अंतर मनातल्या मनात दोन तुकड्यांत तोडायचं. गोट्या खेळलेल्या माणसाला हे नव्यानं सांगायला नको. गलीत गोटी घालायची तर कोणी ती थेट गलीत आपटत नाही, अलीकडे टाकून घरंगळत नेतो.

यार्डाची सवय नसेल तर एवढं लक्षात ठेवा: १ यार्ड म्हणजे ३ फूट, आणि क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची. म्हणजे ग्रीनजवळचे बरेचसे फटके खेळपट्टीच्या लांबीतच येतात. पटिंगला गेम फुटांत अंतर देतो आणि बाकीच्या फटक्यांना यार्डात, त्यामुळे ग्रीनच्या कडेवर पटर (ग्रीनवर घरंगळवायचा क्लब) सोडून वेज (बॉल वर उचलणारा, छोट्या फटक्यांचा क्लब) घेतला की आकडा एकदम तिसऱ्या हिश्श्यावर येतो. घाईत खेळणारा इथं फसतो. सेटिंगमध्ये मीटरचा पर्याय असेल तर घ्यायला हरकत नाही, पण एकदा जे घ्याल तेच धरून चाला. यूट्यूबवरचे बहुतेक सल्ले यार्डातच असतात, म्हणून मी यार्डच ठेवतो.

आधी बॉल कशात पडलाय ते बघा

क्लब निवडायच्या आधी स्क्रीनवरचा लाय बघायचा. बॉल फेअरवेवर आहे, ग्रीनलगतच्या बारीक कापलेल्या पट्ट्यात म्हणजे फ्रिंजवर आहे, साध्या रफमध्ये म्हणजे वाढलेल्या गवतात आहे, दाट रफमध्ये रुतलाय, की वाळूत आहे, यावर पुढचं सगळं ठरतं.

रफमध्ये क्लबचं तोंड आणि बॉल यांच्या मध्ये गवत येतं. त्यानं दोन गोष्टी होतात. ताकद कमी पोचते आणि बॉलला उलटी फिरकी मिळत नाही. म्हणजे बॉल निघतो मंद, पण टेकल्यावर घरंगळतो जास्त. नवखे खेळाडू पहिली गोष्ट लक्षात घेऊन जोर वाढवतात, दुसरी विसरतात, आणि बॉल ग्रीनच्या पार जातो.

बऱ्याच गेममध्ये लायच्या शेजारी टक्केवारी दिसते. रफ ७० ते ८० असं लिहिलेलं असेल तर तुमच्या फटक्याचा साधारण पाऊण भागच प्रत्यक्षात उतरणार. हवेत १० यार्ड हवे असतील तर १३ च्या बेतानं मारावं लागेल. हा आकडा दर वेळी सारखा येत नाही, मधे कुठेतरी लागतो, म्हणून दाट रफमधून होलच्या अगदी जवळ जायचा हट्ट धरू नये. ग्रीनवर आणून ठेवला तरी पुष्कळ झालं. आणखी एक तपासायचं: तुमचा गेम पॉवर बारवरची खूण दाखवताना ही टक्केवारी आधीच धरतो का? काही गेम धरतात, काही धरत नाहीत. प्रॅक्टिसमध्ये फेअरवेवरून आणि रफमधून एकेक फटका मारला की लगेच कळतं. न तपासता खेळलात तर एकाच गोष्टीची भरपाई दोनदा होते.

कुठला फटका

माझा नियम साधा आहे. जो फटका बॉलला सगळ्यात कमी उंच नेऊन काम भागवतो, तो घ्यायचा. बॉल जितका वर जाईल तितकी चुकायला जागा जास्त. वाराही उंच बॉललाच सतावतो, खालून जाणाऱ्या चिपला त्याचा फारसा उपद्रव नसतो.

म्हणून सुरुवात पटरपासून. बॉल फ्रिंजवर आहे, मधे गवत नाही, तर सरळ पटर घ्या. खऱ्या गोल्फमध्ये ग्रीनबाहेरून पटर वापरण्याला गमतीनं टेक्सास वेज म्हणतात, आणि मोठमोठे खेळाडूही तो वापरतात. फ्रिंजवर बॉल थोडा अडतो, तेवढा जोर वाढवायचा. बॉल ग्रीनबाहेर गेला की गेम आपोआप वेज हातात देतो. तो बदलता येतो हेच अनेकांना माहीत नसतं.

मधे थोडं गवत आहे आणि पलीकडे ग्रीन मोकळं आहे, तर चिप. हा कमी उंचीचा, जास्त घरंगळणारा फटका. नवख्यानं आपला निम्म्याहून जास्त सराव यावरच घालवावा असं माझं मत आहे.

अंतर वीस-तीस यार्डांच्या पुढं आहे, किंवा मधे गवताचा मोठा पट्टा आहे, तर पिच. तो चिपपेक्षा उंच जातो आणि टेकल्यावर लवकर थांबतो.

उरला फ्लॉप. बॉल जवळजवळ उभा वर जातो आणि पडल्या जागी बसतो. व्हिडिओत फार देखणा दिसतो, म्हणून प्रत्येक नवख्याला तोच खेळायचा असतो. फिल मिकेलसन या अमेरिकन खेळाडूनं तो जगभर गाजवला, पण त्याच्या मनगटामागं आयुष्यभराचा रियाज होता. फ्लॉपमध्ये थोड्या अंतरासाठी मोठा स्विंग घ्यावा लागतो, म्हणून टायमिंग जराही हुकलं की बॉल एकतर समोरच्या गवतात पडतो नाहीतर सुसाट पलीकडे जातो. आमच्याकडे म्हणतात ना, "बनी तो बनी, नहीं तो परभणी", तो हाच फटका. मधे बंकर म्हणजे वाळूचा खड्डा आहे आणि झेंडा बंकरला चिकटून आहे, एवढ्याच वेळी त्याचा विचार करा. तेव्हाही आधी दुसरी वाट शोधा.

पडायची जागा ठरवणं

आता मुख्य काम. पडायची जागा शक्यतो ग्रीनवरच असावी, कडेपासून किमान एक-दोन यार्ड आत. रफमध्ये टेकलेला बॉल एकतर जागीच मरतो, नाहीतर भलतीकडे उसळतो. ग्रीनवरची पहिली टप्पी अंदाजात बसते.

जागा ठरली की हवेतलं अंतर आणि जमिनीवरचं अंतर असे दोन आकडे मिळतात. त्यांच्या प्रमाणावरून क्लब निघतो. सपाट ग्रीनवर, चिपसाठी, ढोबळ हिशेब असा धरा. पिचिंग वेजचा लॉफ्ट (क्लबच्या तोंडाचा तिरकेपणा) साधारण ४६ अंशांचा, त्यानं चिप केली की एक भाग हवेत आणि दोन भाग जमिनीवर. सँड वेजचा लॉफ्ट ५६ अंशांच्या आसपास, तिथं निम्मं-निम्मं. लॉब वेज ६० अंशांचा, तिथं दोन भाग हवेत आणि एक भाग जमिनीवर. नऊ किंवा आठ नंबरच्या आयर्ननं, म्हणजे वेजपेक्षा कमी तिरक्या क्लबनं, चिप करायची मुभा गेम देत असेल तर बॉल पिचिंग वेजपेक्षाही जास्त घरंगळेल. ही प्रमाणं खऱ्या मैदानावरची आहेत. तुमच्या गेममध्ये थोडी इकडेतिकडे होतील, ती कशी बसवायची ते पुढं सांगतो.

हे आकड्यांत बघू. समजा झेंडा १८ यार्डांवर आहे. पहिले ४ यार्ड रफ, पुढचे १४ यार्ड ग्रीन. ग्रीनच्या २ यार्ड आत पाडायचं ठरवलं, म्हणजे हवेत ६ यार्ड, जमिनीवर १२. एकास दोन. पिचिंग वेज घ्या, चिप निवडा, नेमाची खूण झेंड्यावरून मागे ओढून ६ यार्डांवर आणा.

आता झेंडा तेवढ्याच, १८ यार्डांवर, पण पहिले १० यार्ड रफ आणि पुढं फक्त ८ यार्ड ग्रीन. दोन यार्ड आत पाडायचं म्हणजे हवेत १२, जमिनीवर ६. दोनास एक. लॉब वेज.

स्क्रीनवर दोन्ही वेळा १८ हाच आकडा दिसेल, कदाचित गेम दोन्ही वेळा तोच क्लबही सुचवेल. पण फटके दोन आहेत. हे एकदा डोक्यात बसलं की बॉल न थांबण्याचं गाऱ्हाणं बरंचसं मिटतं.

तिसरी शक्यता: १८ मधले १५ यार्ड बंकर आणि गवत, ग्रीन फक्त ३ यार्ड. इथं कडेपासून यार्डभर आत पाडलं तरी घरंगळायला जेमतेम दोन यार्ड उरतात. हिशेब फ्लॉपकडे बोट दाखवतो. पण झेंड्याच्या डावीकडे किंवा उजवीकडे ग्रीन रुंद असेल तर नेम तिकडे वळवा, साधी पिच मारा, वीस फुटांचा पट (पटरचा फटका) घ्या आणि पुढं चला. एक फटका जास्त गेला तर गेला. बंकरमध्ये पडून तीन घालवण्यापेक्षा बरं.

काही गेममध्ये नेमाची खूण बॉल टेकण्याची जागा दाखवते, काहींमध्ये बॉल थांबण्याची. आपला गेम कुठल्या जातीचा आहे हे पहिल्याच दिवशी ओळखून घ्या. सोपी युक्ती: प्रॅक्टिसमध्ये खूण ठेवून अचूक फटका मारा आणि बॉलची सावली पहिल्यांदा बॉलला कुठं भेटते ते बघा. खुणेवर भेटली तर खूण टेकण्याची.

उतार

सपाट ग्रीन गेममध्ये क्वचित मिळतं, डिझायनर लोकांना ते आवडत नाही. म्हणून ग्रीनवर ग्रिड दाखवायचं बटण असतं, आणि ते फक्त पटिंगसाठी आहे असा बऱ्याच जणांचा समज असतो. चिप मारण्याआधीही ग्रिड लावा. ठिपके जिकडे सरकतात तिकडे उतार, जितके वेगानं सरकतात तितका तो तीव्र. बघायचं ते पडायच्या जागेपासून होलपर्यंत. बॉलपासून पडायच्या जागेपर्यंत तो हवेत आहे, तिथल्या आडव्या उताराशी आपलं देणंघेणं नाही.

पडायची जागा शक्यतो सपाट शोधा. आपल्याकडे तोंड केलेल्या चढावर बॉल पडला तर पहिल्याच टप्प्यात त्याचा जीव जातो. पलीकडे उतरत्या भागावर पडला तर तो थांबायचं नाव घेत नाही. सपाट जागा एखाद-दोन यार्ड पुढं-मागं मिळत असेल तर क्लब बदला, पण जागा सोडू नका.

होलकडे जाणारी जमीन उतरती असेल तर अलीकडे पाडा किंवा जास्त लॉफ्टचा क्लब घ्या. चढती असेल तर उलट. आडवा उतार असेल तर होलला नेम धरूच नका. वरच्या बाजूला धरा आणि खाली आणायचं काम उतारावर सोपवा.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण २००५ च्या मास्टर्स स्पर्धेतलं. ऑगस्टा नॅशनल मैदानाचा १६ वा होल, शेवटचा दिवस, टायगर वूड्सचा बॉल ग्रीनच्या मागं, रफच्या कडेला टेकलेला. त्यानं नेम धरला होलच्या बऱ्याच डावीकडे, चढावर. बॉल तिथं टेकला, वळला, उतारावरून हळूहळू खाली आला, होलच्या काठावर क्षणभर अडला आणि आत पडला. तो क्लिप जरूर बघा, पण शेवटच्या क्षणासाठी बघू नका. फटका मारण्याआधी टायगर कुठं बघतोय ते बघा. त्याची नजर त्या चढावरच्या ठिकाणावर आहे. ईएच्या गेममध्ये ऑगस्टा आहे, तोच होल स्वतः खेळून बघता येतो.

ग्रीन किती वेगवान आहे तेही सेटिंगमध्ये किंवा सामन्याच्या सुरुवातीला दिसतं. खऱ्या गोल्फमध्ये हा वेग स्टिंपमीटर नावाच्या साधनानं मोजतात. एडवर्ड स्टिंपसन यांनी १९३५ मध्ये काढलेली ही साधी खाचेची पट्टी आहे. तिच्यावरून बॉल सोडायचा आणि तो किती फूट जातो ते मोजायचं, तोच ग्रीनचा वेग. गेममध्ये वेगवान आणि टणक ग्रीन असेल तर वर दिलेली प्रमाणं घरंगळण्याच्या बाजूला झुकतील. मऊ असेल तर बॉल लवकर बसेल. पाऊस पडलेला असला तर ग्रीन मऊ धरून चाला.

आणि होलच्या वर बॉल ठेवू नका. चुकायचंच असेल तर खालच्या बाजूला चुका. चढता चार फुटांचा पट निर्धास्त मारता येतो, उतरता तेवढाच पट हात थरथरवतो.

पॉवर बार, आता कुठं

बॉल कशात आहे, कुठला फटका, कुठं पाडायचा, कुठला क्लब, एवढं ठरल्यावरच बोट बटणाकडे न्यायचं. मारण्याच्या पद्धती मुख्यतः तीन आहेत.

तीन क्लिकची पद्धत सगळ्यात जुनी. निंटेंडोच्या १९८४ च्या 'गोल्फ'नं ती रुळवली. पहिल्या क्लिकला बार सुरू, दुसऱ्याला ताकद ठरते, तिसऱ्याला अचूकता. छोट्या फटक्यात ताकदीची खूण बारच्या सुरुवातीलाच येते, आणि हात लांबच्या फटक्याच्या सवयीनं उशिरा पडतो. यावर इलाज एकच. गेममध्ये फटक्याचं कमाल अंतर बदलता येत असेल, किंवा कमी पल्ल्याचा फटका निवडता येत असेल, तर असा निवडा की तुमची खूण बारच्या मध्याच्या पुढं पडेल. २० यार्डांच्या चिपमध्ये १० मारणं, हे ६० यार्डांच्या पिचमध्ये १० मारण्यापेक्षा किती तरी सोपं आहे.

कन्सोलवर किंवा कंट्रोलरवर स्टिकची पद्धत असते. मागे ओढायची, पुढं ढकलायची. काही गेममध्ये किती मागे ओढली यावर ताकद ठरते, काहींमध्ये किती वेळ धरली यावर. छोट्या फटक्यात लोक स्टिक मागे अर्धवट आणि पुढं झटक्यात नेतात. मागे जाण्याचा आणि पुढं येण्याचा ताल सारखा ठेवा, आणि पुढं ढकलताना स्टिक पार शेवटपर्यंत जाऊ द्या. मधेच अंगठा सैल सोडला की फटका वाकडा जातो.

मोबाईलवर बोट ओढून सोडायचं असतं. स्क्रीनवरचा घाम आणि धूळ पुसून घ्या, ही थट्टा नाही. ओलसर काचेवर बोट अडखळतं आणि नेमका छोटाच फटका बिघडतो.

वाळूत पडल्यावर

बंकरचा फटका गेममध्ये दिसतो त्यापेक्षा सोपा आहे. स्प्लॅश नावाचा वेगळा फटका असेल तर तोच निवडा. खऱ्या खेळात यात क्लब बॉलला लागतच नाही, बॉलच्या मागची वाळू उडते आणि ती बॉलला बाहेर काढते. यासाठीचा जाड तळाचा आधुनिक सँड वेज घडवण्याचं श्रेय अमेरिकन खेळाडू जीन सॅराझेन यांना दिलं जातं. १९३२ ची ब्रिटिश ओपन त्यांनी तोच क्लब घेऊन जिंकली.

वाळू जोर खाते, म्हणून हात आखडता घेऊ नका. नवख्याचा बॉल बंकरमध्येच राहतो तो भीतीनं हळू मारल्यामुळे. बॉल वाळूत अर्धा गाडला गेला असेल तर तो कमी उंच निघेल आणि फिरकीशिवाय लांब घरंगळेल, तेवढं गृहीत धरा. समोरची भिंत उंच असेल तर झेंडा विसरा, ज्या बाजूला भिंत बुटकी आहे तिकडून बाहेर या.

वही

इथपर्यंतचे आकडे ढोबळ आहेत, ते तुमचे करून घ्यायला सराव लागतो. मन लावून अर्धा तास दिला तरी फरक पडतो.

प्रॅक्टिस मोडमध्ये किंवा एकट्यानं खेळायच्या सामन्यात सपाट ग्रीन शोधा. फ्रिंजवर एक जागा धरा. पिचिंग वेज, चिप, पॉवर बारचा पाव भाग. बॉल कुठं टेकला, कुठं थांबला, दोन्ही आकडे वहीत लिहा. मग अर्धा बार, मग पाऊण. मग सँड वेजनं तेच, लॉब वेजनं तेच. प्रत्येक ठिकाणी तीन-चार फटके मारून मधला आकडा घ्या. एक गोष्ट लगेच दिसेल: अर्ध्या बारला निम्मं अंतर येईलच असं नाही. काही गेममध्ये खालच्या भागात बॉल अपेक्षेपेक्षा कमी जातो. हे कुठल्या सल्ल्यात वाचून कळत नाही, आपल्याच वहीत दिसतं.

लातूरच्या हॉस्टेलमध्ये राहून नीटची तयारी करणारा माझा मावसभाऊ हे टेबल फिजिक्सच्या रफ वहीच्या मागच्या पानावर ठेवतो. एका ओळीत क्लब, पुढं पाव, अर्धा, पाऊण, आणि प्रत्येकाखाली दोन आकडे, हवेतला आणि जमिनीवरचा. "दादा, लाइट गेली की अभ्यास बंद, मग हेच पाठ करायलोय," म्हणतो. मावशीनं ते पान अजून पाहिलेलं नाही.

सपाटवरचे आकडे झाले की तेच रफमधून करा, मग उतारावर. सगळं एकाच दिवशी उरकायला जाऊ नका, सगळे आकडे एकमेकांत मिसळतात. आणि स्विंगची अवघडपणाची पातळी, म्हणजे डिफिकल्टी, बदलली की काही गेममध्ये अंतराच्या खुणा दिसेनाशा होतात. म्हणून वही सोप्या पातळीवर तयार करा, पण नंतर खुणांशिवाय वापरायची सवय लावा.

फोन तापला तर

हे सांगायलाच हवं, कारण आपल्याकडचा उन्हाळा कुठल्याही गेमच्या मार्गदर्शकात नसतो. मे महिन्यात परभणीत, नांदेडला पारा चाळिशीच्या वर चढतो, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. अशा वेळी फोन तापला की तो स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा वेग उतरवतो. गेम अडखळतो, पॉवर बार सरळ न धावता उड्या मारत जातो. लांबच्या फटक्यात हे खपतं. सहा यार्डांच्या चिपमध्ये बारची एक उडी म्हणजे दोन यार्डांचा फरक.

चार्जिंगला लावून खेळू नका, फोन आणखी तापतो. मागचं कव्हर काढा. ग्राफिक्स एक पायरी खाली आणा, सावल्या बंद करा. गवत थोडं कमी हिरवं दिसेल, पण बार सरळ धावेल. फ्रेम रेट स्थिर ठेवायचं सेटिंग असेल तर साठवरून तीसवर आणून कायम ठेवलेलं बरं, कारण टायमिंगला वेगापेक्षा सातत्य लागतं. टीव्हीला कन्सोल जोडून खेळत असाल तर टीव्हीचा गेम मोड चालू करा, नाहीतर बटण दाबणं आणि बार थांबणं यात अंतर पडतं. काही गेममध्ये हे अंतर जुळवायचं कॅलिब्रेशनही असतं.

ऑनलाइन सामना लावण्याआधी महावितरणचा अंदाज घ्या. वाय-फायचा राउटर इन्व्हर्टरवर नसेल तर मोबाईल डेटा चालू ठेवा, कारण बऱ्याच गेममध्ये मधेच संपर्क तुटला की सामना हरल्यात जमा होतो, मग तुमचा बॉल होलपासून एक फुटावर का असेना.